घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचंय? पहिल्यांदाच बसत असाल तर हे वाचा

सुट्टीत गावी जाऊन आलेली पोरं-पोरी मला हमखास एकच तक्रार सांगतात, की आजीला म्हटलं तुझ्या लहानपणीचं सांग ना काहीतरी, तर ती म्हणाली आमचं काय असणार बाळा, तेव्हा कुठं काय होतं, आणि उठून चहा टाकायला गेली. आजोबांचं त्याहून थोडक्यात, "बरं होतं, चाललं होतं," आणि परत पेपर. मग पोरांना वाटतं यांना बोलायचंच नाहीये, किंवा सांगण्यासारखं काही नसेलच. मला हे अजिबात पटत नाही. ज्या बाईनं बहात्तरचा दुष्काळ काढलाय, विहिरीचं पाणी शेंदून दहा माणसांचा स्वयंपाक केलाय, तिच्याकडं सांगायला काही नाही असं होऊच शकत नाही. अडचण बहुतेक वेळा आपल्या विचारण्यात असते. "तुझं आयुष्य कसं होतं" हा प्रश्न एवढा मोठा आहे की त्याला कुठून हात घालायचा तेच कळत नाही, आणि तिनं जरा विचार करायला वेळ घेतला की आपण अवघडून दुसरा प्रश्न टाकतो. म्हणून माझा सगळा भर दोन गोष्टींवर आहे, विचारायचं ते एकदम बारीक, आणि विचारल्यावर गप्प बसायचं. खाली जे लिहिलंय ते हे दोन जमवायचं कसं त्याबद्दलच आहे.

मी आमच्या घरात, नात्यात, ओळखीच्यांकडे असं बसत आलेय, बरीच वर्षं. मला हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं, कारण ही माणसं गेली की त्यांच्याबरोबर काय काय जातं ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

आधी एक माणूस आणि एक काळ ठरवा

"सगळ्या घराचा इतिहास गोळा करतो" असं ठरवून बसू नका, ते कधीच होत नाही. एक माणूस ठरवा आणि त्याच्या आयुष्यातला एक तुकडा. आजीचं सासरी आल्यावरचं पहिलं वर्ष, किंवा काका गिरणीत लागले ते दिवस, किंवा आत्याची शाळा सुटली ते. एवढंच. उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त येतात असं स्मृतीवर काम करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दिसलंय, त्यामुळे नवीन असाल तर तिथूनच सुरू करा, रिटायरमेंटनंतरचं नंतर बघू.

मग थोडा गृहपाठ. आजी आज ऐंशीची असेल तर तिची विशी-पंचविशी म्हणजे १९६५ ते १९७० धरा, आणि त्या सुमाराला तुमच्या भागात काय घडलं ते बघून ठेवा. पुण्याच्या पेठांतली माणसं असतील तर १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही. पाटण, कराड, चिपळूणकडची असतील तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. मराठवाडा, सोलापूर, नगरकडं १९७२ चा दुष्काळ. लातूर-धाराशिवकडं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी, आदल्याच दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. गोव्यातली असतील तर १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस. आणि गिरणगावातली असतील तर १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तो दिवस, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले होते.

हे माहीत असण्याचा फायदा असा, की समोरचा माणूस बोलता बोलता "मिलो" म्हणाला आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही तर तो तिथंच थांबतो, याला काय सांगायचं म्हणतो. पण मिलो म्हणजे दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी एवढं जरी ठाऊक असलं तर तुम्ही लगेच विचारू शकता की त्याची भाकरी थापली जायची का नीट, आणि मग बघा. मला आजपर्यंत या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळालेलं नाही, प्रत्येकाला त्या भाकरीचा रंग, वास, ती कशी तुटायची ते सगळं आठवतं.

खोलीत कोण नको ते बघा

हे नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही. आजीला प्रश्न विचारला आणि आजोबा तिथं बसलेले असले तर उत्तर आजोबा देणार. आणि आजी मान हलवणार. पन्नास-साठ वर्षांची सवय आहे ती, एका दुपारीत जाणार नाही. तसंच सून स्वयंपाकघरात असेल तर सासू आपल्या सासूबद्दल बोलत नाही, मुलगा समोर असेल तर पैशाच्या तंगीबद्दल बोलत नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. शिवाय प्रत्येक घरात एक जण असतोच जो मधेच "अगं ते तसं नव्हतं, ते भाऊजींच्या लग्नात झालं" म्हणून दुरुस्ती करतो, त्यांचं बरोबर असलं तरी बोलणाऱ्याचा धागा तुटतो तो तुटतोच.

म्हणून एकेकट्याला गाठा. आजोबा देवळात किंवा कट्ट्यावर गेले की आजी. आजी भिशीला गेली की आजोबा. दुरुस्ती करणाऱ्या आत्यांना मुद्दाम वेगळी वेळ द्या, त्यांना सांगा की तुमच्याकडून मला सविस्तर ऐकायचंय, आणि खरंच ऐका, कारण त्यांना तारखा आणि नाती पक्की माहीत असतात.

वेळ, आणि हाताला काम

समोरासमोर खुर्च्या टाकून, मधे फोन ठेवून "हं, सांग आता" केलं की कुणाचंही तोंड बंद होतं, तुमचं माझंसुद्धा होईल. हाताला काम असलं की बोलणं आपोआप येतं. भाजी निवडायला बसा, शेंगा फोडायला बसा, वाती वळायला बसा, वाल सोला, गोधडीला टाके घालायला बसा. नजर कामावर राहते, एकमेकांकडं टक लावून बघायला लागत नाही, आणि मधे शांतता झाली तरी ती अवघड वाटत नाही कारण हात चालूच असतात. आणि तुम्ही पण खरंच काम करा, नुसतं जवळ बसून बघत राहिलात तर ती "ऊठ, तुला नाही जमायचं" म्हणेल.

काही गोष्टी तर हातातूनच येतात. जात्यावरच्या ओव्या म्हण म्हटलं तर बऱ्याच आज्यांना एक-दोन ओळींच्या पुढं आठवत नाही, पण जातं समोर आणून मूठभर तांदूळ घातले आणि खुंटा हातात आला की ओवीमागून ओवी यायला लागते, हे मी स्वतः बघितलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आता त्या पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. एकदा ऐका, आणि आजीलाही ऐकवा. "ही आमच्याकडं वेगळी म्हणतात" असं ती म्हणाली की तुमचं काम सुरू झालं.

वेळ म्हणाल तर सकाळची आवराआवर झाल्यावर किंवा चारच्या चहानंतर. सिरियलच्या वेळेला चुकूनही नको. दमलेल्या माणसाला बोलतं करू नका, पाऊण तास पुष्कळ झाला.

आणि ऐकू येण्याचं बघा आधी. आपण कितीतरी वेळा म्हणतो ना की आजोबा बोलत नाहीत, खरं तर त्यांना आपला प्रश्नच अर्धा ऐकू आलेला असतो आणि परत परत "काय?" म्हणायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून ते हसून "हो हो" म्हणतात. वयानुसार आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू यायचे कमी होतात, त्यामुळे ओरडून उपयोग नाही, उलट जरा खालच्या पट्टीत, सावकाश, तोंडावर उजेड पडेल असं समोर किंवा जरा तिरकं बसून बोला. टीव्ही बंद. कानातलं मशीन असेल तर बॅटरी चालू आहे का बघा.

त्यांच्या बोलीत बोला, येत असेल तर

वेंगुर्ल्याच्या आजीला तुम्ही "आजी, आपण तेव्हा कुठे राहत होता" असं विचारलंत की ती पण पाहुण्यांशी बोलतात तसं बोलायला लागते, आणि तसं बोलताना माणूस मोजकंच बोलतो. मालवणी येत असेल तर मालवणीत विचारा. अहिराणी, वऱ्हाडी, घाटावरची, जी काय घरातली भाषा असेल ती. मोडकीतोडकी आली तरी चालते, ती हसेल, दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करता करता बोलायला लागेल. अजिबात येत नसेल तर नाटक नको, पण एवढं जरूर सांगा की तू तुझ्या भाषेत बोल, मला कळतं, नाही कळलं तर विचारेन.

आणि घरात ज्या नावानं हाक मारता त्याच नावानं मारा. आज्जी असेल तर आज्जी, बाय असेल तर बाय, अक्का असेल तर अक्का. रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून एकदम "आपण" नको.

पहिला प्रश्न: हातात धरता येईल असं काहीतरी

आता मुख्य काम. पहिला प्रश्न हो-नाहीचा नको, आणि भावनेचाही नको. "तेव्हा फार हाल झाले का?" याला उत्तर "हो" एवढंच येतं. "तुला कसं वाटलं?" याला तर बऱ्याच बायकांना उत्तर देताच येत नाही कारण हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारलेला नसतो. त्याऐवजी वस्तू विचारा, जागा विचारा, काम विचारा, खाणं विचारा.

मला हमखास उपयोगी पडलेले काही प्रश्न देते, आपापल्या घराप्रमाणे बदला. सकाळी उठल्यावर चुलीवर पहिलं काय चढायचं? पाणी कुठून आणायचात, वाटेत कोण कोण भेटायचं? रॉकेलच्या रांगेत कोण उभं राहायचं? घरात पहिला रेडिओ कुणी आणला, आणि लायसन्सचे पैसे भरायला पोस्टात कोण जायचं? शाळेत पायात काय असायचं? गावाहून मुंबईला आलात तेव्हा ट्रंकेत काय होतं? पहिला पगार कुणाच्या हातात दिलात?

आणि बायकांसाठी माझा सगळ्यात आवडता प्रश्न, लग्नात तुझं नाव बदललं का, आधीचं काय होतं? बऱ्याच घरांत नातवंडांना आजीचं माहेरचं नावच माहीत नसतं. ते नाव सांगताना ती जरा थांबते. मग हळूच विचारा की सासरी पहिल्यांदा नव्या नावानं हाक मारली तेव्हा कळलं का तुलाच बोलावतायत ते? याच्यापुढं मला सहसा काही विचारावं लागत नाही, माहेरचं अंगण, बहिणी, कोण काय म्हणून हाक मारायचं, परत माहेरी गेल्यावर जुन्या नावानं हाक ऐकली तेव्हाचं, सगळं येतं.

"का" ने सुरू होणारे प्रश्न टाळा बरं का. "शाळा का सोडलीस?" "मुंबईला का गेलात?" हे जाब विचारल्यासारखं लागतं, विशेषतः लहानानं मोठ्याला विचारलं तर. तेच "शाळा सुटली ती कशी?" किंवा "मुंबईला जायचं कसं ठरलं?" असं विचारलं की माणूस सांगायला लागतो.

फोटो, लग्नपत्रिका, जुनं रेशन कार्ड, पितळेच्या डब्यावर कोरलेलं नाव, असलं काही हातात दिलं तर फारच छान. भांड्यावरची नावं तर खजिना आहे, कुणी दिलं, कुठल्या लग्नात दिलं, ते घर आता कुठं आहे, सगळं निघतं त्यातून.

विचारलं की गप्प

हे लिहायला सोपं आहे आणि करायला सगळ्यात अवघड. २००९ साली एक अभ्यास आला होता, जगातल्या १० भाषांमधल्या गप्पा मोजल्या होत्या त्यात, एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागसुद्धा पुरतो असं दिसलं होतं. म्हणजे आपल्या सगळ्यांना एवढीशीच फट सवयीची आहे, त्यामुळे दोन सेकंद शांतता झाली की काहीतरी बिघडलं असं वाटायला लागतं. पण साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आठवून सांगायची तर माणसाला वेळ लागणारच ना. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी शाळांमध्ये बघितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, न विचारता बोलणारी मुलंही वाढतात. ती तर मुलं होती, म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त वेळ द्या. मनात सावकाश दहा आकडे मोजा. शेंगा फोडत रहा, नजर खाली ठेवा, चेहरा शांत ठेवा. उत्तर नाही आलं तरी लगेच प्रश्न बदलू नका, "आठवेल सावकाश" एवढं म्हणा.

आणि एक उत्तर संपलं असं वाटलं तरी थांबा. पहिलं उत्तर बऱ्याचदा तयार असतं, सगळ्यांना सांगून झालेलं. त्याच्यानंतरच्या शांततेत जे येतं ते पहिल्यांदा येत असतं.

थांबून झाल्यावर काय बोलायचं? फार काही नाही. "हं." "मग?" "अगं बाई." किंवा त्यांनी शेवटी वापरलेला शब्द तसाच परत म्हणायचा. आमच्या शेजारच्या आजी दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होत्या, त्यांच्याशी बोलताना साधारण असं झालं होतं,

"दुपारी काय खायचात हो कामावर?"
"काय खाणार, देतील ते. सुकडी द्यायचे."
"सुकडी."
"हां. कोरडी असायची, गोडसर. मी सगळी नाही खायची, पोरांसाठी पदरात बांधून आणायची."
"पदरात."
"मग काय, मुकादमानं बघितलं तर? म्हणायचा इथंच खा, कामाला ताकद पायजे. मी तोंड हलवायची नुसती, खाल्ल्यासारखं."

यात मी प्रश्न एकच विचारलाय. मधेच मी "म्हणजे किती गरिबी होती ना तेव्हा" असं काही बोलले असते तर त्या "हो ना" म्हणून थांबल्या असत्या आणि तोंड हलवायची गोष्ट कधी आलीच नसती. तुमचं मत, तुमचं हळहळणं, तुमची स्वतःची तशीच एखादी गोष्ट, हे सगळं नंतर. तुमच्या कॉलेजच्या मेसचा किस्सा त्या वेळी नकोच.

एकच गोष्ट विसाव्यांदा सांगत असतील तर

कंटाळू नका, आणि "ही सांगितलीस मागे" असं तर अजिबात म्हणू नका. त्या गोष्टीत बाजूनं शिरा. आजोबा नेहमी भूकंपाच्या पहाटेचं सांगतात ना, की घर हललं आणि आम्ही बाहेर पळालो, मग विचारा, अंगावर काय होतं, थंडी होती ना डिसेंबरची? दार कुणी उघडलं? गोठ्यातली जनावरं कुणी सोडली? दुसऱ्या रात्री कुठं झोपलात? ठरलेल्या गोष्टीच्या शेजारी न सांगितलेलं पुष्कळ असतं.

सन विचारू नका

"कोणत्या साली?" म्हटलं की बोलणं अडकतं, ते आठवायला बसतात, नाही आठवलं की वाईट वाटून घेतात. त्याऐवजी "पुराच्या आधी की नंतर?", "मोठ्या काकांचा जन्म झाला होता का तेव्हा?", "आणीबाणीच्या सुमाराला का?" असं विचारा, अंदाज बरोबर लागतो. वाढदिवसावरही विसंबू नका, त्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी १ जून लावून टाकलेली आहे. आणि त्यांनी साल चुकीचं सांगितलं तर तिथल्या तिथं सुधारू नका, घरी जाऊन वहीत लिहा.

न बोलणारे पुरुष

आजोबा, काका, कधी कधी स्वतःचे बाबाच. यांना घरात बसवून विचारू नका, यांच्याबरोबर चाला. सकाळी फिरायला जातात तेव्हा बरोबर जा, बँकेत घेऊन जा, सायकल दुरुस्त करत असतील तर पाना धरून उभे रहा. आणि कामाबद्दल विचारा, माणसांबद्दल नंतर. गिरणीत होते तर कुठल्या खात्यात होता, साचे किती सांभाळायचे, धागा तुटला तर काय करायचं, रातपाळीला झोप आली तर? यंत्र कसं चालायचं हे समजावून सांगायला लागले की त्यांचा आवाज बदलतो, कारण ते त्यात तरबेज होते आणि कित्येक वर्षांत ते कुणी विचारलेलं नसतं. मग यंत्राशेजारचा माणूस येतो, मग गाळ्यातली माणसं, एकाच वळकटीवर पाळीपाळीनं झोपणारी, मग खाणावळवाली, आणि मग संप. संपात खाणावळीचे पैसे कसे द्यायचात, हे मी एका काकांना विचारलं तर ते खूप वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तिनं मागितलेच नाहीत." त्याच्या आधी संपाबद्दल ते फक्त "वाईट झालं" एवढंच म्हणायचे.

थेट "तुम्हाला त्रास झाला असेल ना" असं विचारलं असतं तर हे निघालंच नसतं असं मला वाटतं.

जड गोष्टी

कधी ना कधी येणारच. गेलेलं मूल, नवऱ्याची मारझोड, पाणवठ्यावर जातीवरून झालेला अपमान, भावकीतलं जमिनीचं भांडण, उपाशी काढलेले दिवस. इथे माझा नियम असा, की ते दार आपण ढकलायचं नाही, पण त्यांनी उघडलं तर आपण लावायचंही नाही. आपल्याकडं कुणी रडायला लागलं की सगळे एकदम "जाऊ दे आता, झालं गेलं" म्हणतात, चांगल्या मनानंच म्हणतात, पण त्याचा अर्थ समोरच्याला एवढाच कळतो की हे ऐकायची यांची तयारी नाही. तसं म्हणू नका. पाण्याचा तांब्या जवळ सरकवा, बसून रहा, थोड्या वेळानं विचारा की थांबूया का आपण. थांबूया म्हणाली तर लगेच थांबा, रेकॉर्डिंग बंद करा आणि बंद केलंय हे तिला दाखवा.

"आठवत नाही" म्हणाल्या तर दोन्ही शक्यता असतात, खरंच आठवत नाही किंवा सांगायचं नाही. दोन्हीला एकच वागायचं, सोडून द्यायचं. सांगायचं असलं तर त्या स्वतःच पुढच्या वेळी काढतील.

अशा बोलण्यानंतर उठून लगेच निघू नका. चहा करा, साध्या विषयावर या, बाजारात मेथी कशी आहे, धाकटीची परीक्षा कधी आहे, मग निघा, आणि संध्याकाळी एक फोन करा. आणि नंतर कितीतरी दिवस झोप नाही, जेवण नाही, जगून काय करायचं असं बोलणं, असं काही दिसलं तर ते आपल्या गप्पांनी बरं होणारं नाही, डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठीचा टेली-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा एल्डरलाइन १४५६७ हे दोन्ही नंबर फुकट आहेत, फ्रिजवर लिहून ठेवा.

विसरायला लागलेल्या माणसांबद्दल एकच, "मला ओळखलंस का?" हा प्रश्न कुणीच विचारू नये. आपण होऊन सांगा, मी अमक्याची मुलगी. मग फोटो दाखवा, जुनं गाणं लावा, भजन म्हणा. नावं चुकली तरी चुकू देत.

रेकॉर्डिंग

आधी विचारा, आणि कशासाठी ते सांगा. लपवून रेकॉर्ड करणं मला साफ चुकीचं वाटतं, घरच्या माणसाचं असलं तरी. नको म्हणाली तर वहीत लिहा. पहिली दहा मिनिटं नुसत्या गप्पा, मग फोन काढा. फोन एरोप्लेन मोडवर टाका, स्टीलच्या टेबलावर न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, त्यांच्या बाजूला, वीतभर अंतरावर चालेल. पंखा शक्य असेल तर बंद करा, उन्हाळा असेल तर निदान कमी, कारण कानाला जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये तोच घरघरतो. एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. सुरुवातीला तुम्हीच तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते म्हणा. शेंगांची टरफलं फोनजवळ टाकू नका.

लांब असाल, पुण्यात किंवा पार अमेरिकेत, तर व्हिडिओ कॉलवर पण जमतं, फक्त तिकडं एखादं मोठं पोरगं जवळ बसवा फोन धरायला आणि आजीला काहीतरी दाखवायला सांगा, कपाटातली पैठणी, देव्हारा, अंगणातलं झाड. आवाज उशिरा पोचतो त्यामुळे कॉलवर आणखी जास्त थांबायला लागतं.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायच्या आधी पुन्हा एकदा विचारा. तुमच्याशी बोलणं वेगळं आणि सगळ्या भावकीनं ऐकणं वेगळं. जमिनीचं, सोन्याचं, कुणाच्या लग्नात काय झालं त्याचं काही असेल तर ते तुकडे काढूनच टाका, त्यावरून भांडणं झालेली मी पाहिलीत आणि मग ती आजी पुन्हा कुणाशीच बोलली नाही.

घरी आल्यावर

दोन-तीन दिवसांत एकदा पूर्ण ऐका, हातात वही घेऊन. ऐकताना लक्षात येतं की कुठं तुम्ही मधे बोललात, आणि कुठं त्या काहीतरी म्हणाल्या आणि तुम्ही पुढे निघून गेलात. ती जागा म्हणजे पुढच्या वेळचा पहिला प्रश्न. "मागच्या वेळी तू म्हणालीस, विहिरीवर एक बाई भेटायची, ती कोण गं?" असं विचारलं की तिला कळतं याने खरंच ऐकलं होतं, आणि दुसरी बैठक पहिलीपेक्षा नेहमी चांगली होते.

रेकॉर्डिंगच्या दोन कॉप्या करा, एक फोनच्या बाहेर ठेवा. फाईलला नाव, गाव आणि तारीख द्या, नुसतं "ऑडिओ ३" असं ठेवलंत तर वर्षभरानं काही सापडणार नाही. तिचं तिला थोडं ऐकवा, आपला आवाज ऐकून ती लाजेल, आणि मग "अगं हे राहिलंच सांगायचं" म्हणून आणखी सांगेल, तेव्हा फोन तयार ठेवा. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलनं नावं लिहा, बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. आणि फोटो बरेच असतील तर ज्यातली माणसं फक्त तिलाच ओळखू येतात ते आधी घ्या, लग्नाचा अल्बम नंतर केला तरी चालतो, त्यातली माणसं सांगणारे घरात आणखी आहेत.